घोंगडीतला बर्फ

"बाईमाणसाच्या हातात मोटार गेली का वारासुदीक गरम येतो," लोणावळा स्टेशनबाहेरच्या मोटारींच्या रांगेतला एक जुना ड्रायव्हर म्हणाला. मला म्हणाला नाही. बिडी पेटवता पेटवता शेजारच्याला म्हणाला, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं. मी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते. ओतून झाल्यावर रिकामा डबा त्याच्या पायाशी नेऊन ठेवला आणि म्हटलं, "भाऊ, नळावरून एवढा भरून आणा. बोलून बोलून घसा कोरडा पडला असेल, तिथंच पाणीही प्या." रांगेतले बाकीचे हसले. डबा काही त्यानं भरून आणला नाही.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. त्याचं बोलणं मला झोंबलं ते त्यात निम्मं तथ्य होतं म्हणून. आमच्या मोटारीत खरोखरच गरम वारा येत होता, आणि का येतोय ते मला कळत नव्हतं.

मोटार आमच्या मालकांची. मालक म्हणजे माझे यजमान. बंद बॉडीची, काचा वरखाली करायच्या. मुंबईच्या एका साहेबानं वापरून टाकलेली त्यांनी घेतली आणि खटपट करून उभी केली. सीझनला मुंबईची माणसं बंगल्यांवर हवा खायला यायची, त्यांना कार्ल्याला, खंडाळ्याला, तळेगावला न्यायचं, हा आमचा धंदा. मी तळेगावची, मास्तरांची मुलगी. लग्नानंतर हौसेनं गाडी चालवायला शिकले, वळवणच्या धरणाकडच्या माळावर. लायसनही काढलं. माझ्या सासूबाईंनी ते लायसन माझ्या लग्नाच्या शालूखाली, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवून दिलं. "लय मोलाचं हाय, ऱ्हाऊ दे राखून," म्हणाल्या.

ते बाहेर निघालं यजमानांच्या मनगटामुळे. शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी इंजिन चालू करताना पुढून फिरवायच्या हँडलनं उलटा झटका दिला आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात गळ्यात बांधला. सीझन तोंडावर आलेला. स्टँडवरच्या एका दोघांनी मोटार चालवायला मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान मला म्हणाले, "लायसन काढ भायेर. ह्यो सीझन तू चालव. गिऱ्हाईक नको म्हनालं तर मग इषय संपला."

मी नऊवारीचा कासोटा मारला आणि चाकामागे बसले. लोकांना त्याचंच नवल. धोतर नेसून मोटार चालवणाऱ्यांचं कुणाला कधी नवल वाटलं नाही. मी ठेंगणी, बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसावा म्हणून सीटच्या कडेवर मान उंच करून बसायची. त्यावरही स्टँडवर विनोद झाला, की मोटार आपोआपच चालली आहे, आत कुणी दिसत नाही. हँडल मारायला मात्र मी कुणाला हाक मारली नाही. गाडी नेहमी उतारावर लावायची, ब्रेक सोडायचा, गाडीनं वेग घेतला की गिअर टाकायचा. लोणावळ्याला आणि तळेगावला उतारांना तोटा नाही.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मुंबईच्या एका वकिलांच्या आई, सगळ्यांच्या बाईसाहेब. त्या उन्हाळाभर बंगल्यावर राहायच्या आणि डोळ्यांत औषध घालून घ्यायला एक दिवसाआड तळेगावच्या डॉक्टरांकडे जायच्या. स्वभाव तिखट, वय झालेलं, आणि ऊन म्हणजे त्यांचा वैरी. ऊन लागलं की घेरी यायची. बाई मोटार चालवते यावर त्यांनी मला डोळ्यांवरची पट्टी वर करून न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मला कोण चालवतं याच्याशी कर्तव्य नाही. मला गारवा हवा." बाकी मुंबईकर त्यांच्याकडे बघून चालायचे. त्यांनी आमची मोटार सोडली असती तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनीच सोडली असती, आणि लायसन परत शालूखाली गेलं असतं.

गारव्यासाठी यजमानांनी एक युक्ती काढली होती. आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या खिडक्यांना उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लावतात, त्या त्यांनी पाहिल्या होत्या. मनगट मोडायच्या आधी त्यांनी पत्र्याची एक पेटी करून घेतली. पेटीचं तोंड मोटारीच्या पुढच्या दिशेला, म्हणजे गाडी पळाली की वारा आपणहून आत शिरणार. आत वाळ्याची जाड ताटी, ताटीच्या वर भोकं पाडलेला एक खण, खणात बर्फ. बर्फाचं पाणी ठिबकून वाळा ओला राहणार, वारा त्या ओल्या वाळ्यातून गार होऊन खिडकीतून आत येणार. बर्फ मुंबईहून गाडीनं यायचा, गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात. पेटी बांधली खिडकीला, आणि आम्ही तिला गारव्याची पेटी म्हणू लागलो.

पहिल्याच खेपेला कामशेतच्या पुढे बाईसाहेबांनी पेटीच्या तोंडासमोर हात धरला. "गारव्याची पेटी म्हणे," त्या म्हणाल्या. "यात भाकरी भाजून निघेल."

शेजारच्या सीटवर हात गळ्यात बांधून यजमान बसले होते. त्यांनी मान खाली घातली. त्या पेटीवर त्यांचा फार जीव होता. मला बाईसाहेबांचा राग आला, पण वारा खरंच गरम होता.

घरी आल्यावर मी रिकामी झालेली पेटी तपासली. वाळा हाताला कोरडाठणठणीत लागला. मला वाटलं, सापडलं. भोकं बुजली असणार, बर्फात भुसा येतो तो अडकला असणार. दाभण घेऊन एकूणएक भोक साफ केलं. पुढच्या खेपेला निघताना पेटीच्या तोंडातून ताटीवर घागरभर पाणीही ओतलं. कार्ल्यापर्यंत असा झकास वारा आला, वाळ्याचा वास गाडीभर पसरला, आणि बाईसाहेब "हं" म्हणाल्या. त्यांचं हं म्हणजे दुसऱ्या कुणाचं वाहवा. कार्ला मागे पडलं तशी परत भट्टी पेटली. तळेगावला वाळा पाहिला, तो पुन्हा कोरडा.

यजमानांचं मत पडलं की इंजिनाची धग पेटीत शिरते. पेटी पुढच्या खिडकीला होती आणि बॉनेटच्या फटींतून येणारी गरम हवा थेट तिच्या तोंडात जात होती, हे खरंच होतं. आम्ही पेटी काढून मागच्या खिडकीला बांधली. फरक पडला, पण तव्यावरून उचलून चुलीच्या वैलावर ठेवल्याइतका.

मग माझ्या लक्षात आलं की बाईसाहेब बाकीच्या सगळ्या काचा घट्ट लावून घेतात. गारवा पळून जाऊ नये म्हणून. आतली हवा बाहेर जायला वाटच नाही तर बाहेरची आत येणार कशी. मी त्यांना पलीकडची काच चार बोटं उघडायला सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझा गारवा रस्त्याला वाटू?" मी म्हटलं, "आधी येऊ तर द्या, मग वाटायचं बघू." त्यांनी काच उघडली. वारा पेटीतून सणसणीत येऊ लागला, आणि तो सणसणीत गरम होता. त्यात ते राब भाजायचे दिवस. वडगावच्या अलीकडे शेताशेतांतून पाचोळा आणि शेणकूट जळत होतं, तो सगळा धूर पेटीनं इमानेइतबारे गाडीत आणून सोडला. बाईसाहेब तळेगावपर्यंत खोकत होत्या.

त्या दिवशी दवाखान्यासमोर उतरताना त्यांनी मला निक्षून सांगितलं. "परवा एकदा बघते. गार वारा आला तर सीझनभर तुझी मोटार. नाही आला तर स्टँडवरचा तो दुसरा मोटारवाला येईल. तो बंगल्याच्या कारभाऱ्यांना भेटूनही गेला आहे." तो म्हणजे बिडीवाला, हे मला सांगायला नको होतं. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. बाईसाहेबांचं काही चुकलं नव्हतं. गरम वाऱ्याला कोण भाडं देईल.

परत येताना यजमान म्हणाले, "न्हाई जमलं तर न्हाई जमलं. हात बी आता बरा व्हाया आलाय."

"हात बरा झाला याचा आनंद आहे," मी म्हटलं, "पण मी हरून उतरणार नाही. उतरले तर माझ्या मर्जीनं उतरेन."

आता माझ्या सासूबाईंविषयी सांगायला हवं. त्या तिकोणा पेठेच्या. किल्ल्याखालच्या त्या गावात त्यांचं बालपण गेलं, तिथंच त्या राखायला शिकल्या. राखणं हा त्यांचा धर्म होता. रात्री चुलीतला निखारा राखेखाली राखायचा, बियाण्याचं भात कणगीत राखायचं, पावसाळ्यासाठी गोवऱ्या राखायच्या. कोण कुणाला काय बोललं तेही राखायचं, म्हणजे मनात ठेवायचं. घरात एक वस्तू त्यांच्या हातून वाया गेली नाही. माझ्या गाडी चालवण्याला त्यांचा विरोध नव्हता, उलट अभिमान होता. पण रोज संध्याकाळी, यजमानांच्या हाताला तेल लावता लावता त्या मला सांगायच्या, "त्येचा हात बरा झाला का तू घरात ये, पोरी. शिकलीस त्ये ऱ्हाऊ दे राखून. वक्ताला उपेगी पडंल." प्रेमानं सांगायच्या, म्हणून जास्त जिवाला लागायचं. भांडायचं कुणाशी?

मोटारीच्या तयारीत पेटीत बर्फ भरणं हे काम सासूबाईंनी आपणहून घेतलं होतं. पहाटे मी तेलपाणी बघायची, काचा पुसायची, तोवर त्या बर्फ भरून झाकण सुतळीनं बांधून टाकत. आल्यावर पेटी उघडायच्याही त्याच. लोणावळ्याला येईपर्यंत त्यांनी बर्फ पाहिला नव्हता. त्याचं त्यांना अप्रूप होतं, आणि देवाच्या प्रसादासारखी त्या त्याची काळजी घेत.

त्या दिवशी घरी आलो, मी ओट्यावर भिंतीला पाठ टेकून बसले. शेजारणी आल्या होत्या. आम्ही तळेगावहून आलो की सासूबाई कैरीचं पन्हं करत आणि शेजारणींनाही बोलावत. दर खेपेचा रिवाजच होऊन गेला होता. एक शेजारीण पेला हातात घेऊन हसली, "तळं राखील तो पाणी चाखील म्हंत्यात, त्ये काय खोटं न्हाई. बर्फ मुंबईकरांचा आन पन्हं आमचं."

मी पेला तोंडाला लावला. दात शिवशिवले. पेल्यात बर्फाचा हा एवढा खडा तरंगत होता.

मी त्या खड्याकडे बघत राहिले. दर खेपेला तो तिथं होता आणि दर खेपेला मी पन्हं पिऊन पेला विसळून ठेवत होते.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "हा बर्फ कुठला?"

"कुठला म्हंजी? सकाळचाच. तुमच्यासंगं तळेगावास्नं आला न्हवं का."

"एवढ्या उन्हातून जाऊन परत आला? वितळला कसा नाही?"

"वितळंल कसा?" सासूबाईंचा चेहरा अभिमानानं फुलला. "घोंगडीत गुंडाळून ठिवतीया मी त्येला. दोन पदर घालून. आन वर भुसा. येवढ्या लांबनं येतो बिचारा, असाच पानी हून जाया? रोज जातो तसा माघारी येतो. बोटभर बी कमी हुत न्हाई."

यजमान आधी हसले. गळ्यात बांधलेला हात दुसऱ्या हातानं धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला हसू नाही आलं. आम्ही भोकं साफ केली, पेटी हलवली, बाईसाहेबांच्या काचा उघडायला लावल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बर्फ घोंगडीत सुखानं झोपला होता, म्हणून पाणी ठिबकत नव्हतं, म्हणून वाळा कोरडा होता, म्हणून वारा गरम होता. लोणावळा ते तळेगाव आणि परत, आम्ही त्या बर्फाला हवा खायला नेऊन आणत होतो.

"आत्याबाई, परवा घोंगडी काढायची," मी म्हटलं. "नुसता बर्फ. तोही फोडून."

"फोडून?" त्यांनी पेला खाली ठेवला. "आगं, फोडला का वितळंल. वितळला का संपला की."

"संपू दे. संपायलाच आणलाय तो. वितळला तरच गार वारा येईल."

"पार संपला आन वाटंतच संपला, तर?"

"तर वाटेपुरता गारवा दिला म्हणायचं. राखून ठेवलेला बर्फ आणि धोंडा यांत काय फरक आहे?" माझा आवाज चढला होता. शेजारणी चुळबुळायला लागल्या. मला थांबता आलं नाही. किती तरी संध्याकाळींचं साठलेलं होतं ते. "तुम्ही मला रोज सांगता ना, शिकलीस ते राखून ठेव म्हणून? राखून ठेवल्यावर काय होतं ते पाहिलंत. जसा जातो तसा परत येतो, आणि कुणाच्या कामाचा नाही."

शेजारणींनी पेले ठेवले आणि निघून गेल्या. मग सासूबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजी रोज म्या वंगाळ क्येलं व्हय?" त्यांचा चेहरा बघून मला गलबलून आलं. मी म्हटलं, "नाही हो आत्याबाई. तुम्ही फार चांगलं केलंत. तिथंच घोटाळा झाला."

एक दिवस मध्ये गेला. ठरल्या दिवशी पहाटे बर्फ मी वरवंट्यानं फोडला. प्रत्येक घावाला सासूबाईंचा डोळा मिटत होता, पण त्या जवळून हलल्या नाहीत. घोंगडी त्यांनी झटकून, घडी घालून दांडीवर टाकली. खण भरला तसं लगेच भोकांतून ठिबकायला लागलं. मी वाळ्यावर हात ठेवला, तो ओला होत होता.

स्टँडवरून जाताना बिडीवाला पाय पसरून बसलेला दिसला. त्याची मोटार पुसून लखलखीत केलेली होती. "आज शेवटची फेरी का, बाई?" त्यानं विचारलं. मी काच खाली केली आणि म्हटलं, "बघू. संध्याकाळी तुम्हालाच सांगायला येते." गाडी उभी केली नाही.

बाईसाहेब बसल्या, कपाळावर ओली पट्टी आधीच ठेवून, तोंड वाकडं करून. पलीकडची काच मी चार बोटं उघडून ठेवली. कार्ला आलं. मी मागे बघितलं नाही. कामशेत आलं. मागून शब्द नाही. राबाचा धूर लांब दिसला तशी मी गाडी वेगात काढली. आमच्या मागे रस्त्याच्या धुळीत पाण्याची एक ओळ ठिबकत चालली होती, ती मला बाजूच्या आरशात दिसत होती, आणि मी मनात त्या थेंबांना म्हणत होते, सांडा, खुशाल सांडा. वडगाव मागे पडलं तेव्हा बाईसाहेबांचा आवाज आला.

"अगं ए, माझी शाल कुठं ठेवलीस?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडी बाजूला घेतली, उतरले, मागची शाल उलगडली आणि त्यांच्या अंगावर घातली. त्या म्हणाल्या, "सीझनभर हीच मोटार. कारभाऱ्यांना सांगते." मग डोळ्यांवरची पट्टी नीट करत म्हणाल्या, "आणि ती काच थोडी लावून घे, थंडी वाजते."

परत आल्यावर सासूबाईंनी पेटी उघडली. आत ओल्या वाळ्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी आत हात घालून कोपरान्‌कोपरा चाचपला. त्या दिवशीचं पन्हं कोमट होतं, शेजारणी नाराज झाल्या. मी मात्र स्टँडवर जाऊन बिडीवाल्याला सांगून आले. त्यानं वर बघितलं नाही.

पण खरी गोष्ट अजून बाकी होती. हाडवैद्यानं कामट्या सोडल्या. यजमानांनी मनगट फिरवून पाहिलं, बादली उचलून पाहिली. हात बरा झाला होता. बाईसाहेब हीच मोटार म्हणाल्या होत्या, हीच बाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी सासूबाईंनी शिकलीस ते राखून ठेव असंही म्हटलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की लायसन ट्रंकेत ठेवणार नाही. कुणी ठेवलं तर काढणार, परत ठेवलं तर परत काढणार. सगळ्यांशी भांडायला मी तयार होऊन झोपले.

सकाळी पेटी भरून झाली. यजमान दाराबाहेर आले आणि मोटारीच्या उजव्या दाराशी उभे राहिले. सवयीनंच उभे राहिले असतील. मी पायरीवर थांबले. भांडणाचा पहिला शब्द तोंडात आला होता.

तेवढ्यात सासूबाई घरातून आल्या. हातात ती घोंगडी, घट्ट चौपदरी घडी केलेली. लेकाला त्यांनी कोपरानं बाजूला सारलं, दार उघडलं, चाकामागच्या सीटवर घोंगडी ठेवली आणि तळहातानं चार वेळा दाबून सारखी केली.

"हितं बस," त्या मला म्हणाल्या. "कडेला बसून बसून मान अवघडली तुझी. आता समदा रस्ता दिसंल."

यजमान आईकडे बघत राहिले. "आन म्या?" त्यांनी विचारलं.

"तुजा हात बरा झालाय न्हवं?" सासूबाई म्हणाल्या. "मग हँडल मार."

मी बसले. बॉनेट, रस्ता, रस्त्याच्या वळणापर्यंतची झाडं, सगळं मान न उचलता दिसलं. गाडी उतारावर नव्हती, आदल्या संध्याकाळी भांडणाच्या विचारात मी ती सपाटीवरच लावली होती. यजमान पुढे गेले, वाकले आणि बऱ्या झालेल्या हातानं त्यांनी हँडल मारलं.